भिंतीवरचा अजगर

डोळ्यांच्या शिबिरातल्या दाकुरानं सांगितलेलं आमच्या घरात कुणी खरं धरलं नाही, कारण तो दागाबा जमातीचा होता आणि आम्ही फ्राफ्रा. दागाबांचं आणि आमचं थट्टेचं नातं आहे. कुठल्याशा कुत्र्याच्या मुंडक्यावरून दोघांचे पूर्वज भांडले म्हणे, आणि तेव्हापासून दागाबा भेटला की त्यानं आम्हाला गुलाम म्हणायचं, आम्ही त्याला गुलाम म्हणायचं, आणि रागवायचं कुणीच नाही. जो रागावला तो हरला. माझे सासरे वारले तेव्हा बाजारातला एक म्हातारा दागाबा त्यांच्यासाठी खणलेल्या खड्ड्यात उतरला आणि आडवा झाला. ही जागा माझी, म्हणाला, कोंबडी दिल्याशिवाय उठायचा नाही. आम्ही रडत होतो आणि हसतही होतो. कोंबडी हातात पडली तेव्हा उठला आणि मग स्वतःच सगळ्यांत जास्त रडला.

तर दागाबा म्हणजे असा माणूस. त्यानं बस म्हटलं की आपण उभं राहायचं, त्यानं खा म्हटलं की ताट सरकवायचं. लहानपणापासून हेच शिकलो. हे मी कुणाला दोष द्यायला सांगत नाही. दोष द्यायचा तर पहिला माझ्या पदरात पडतो, आणि तो कसा ते पुढं येईलच.

माझी सासू अतांपोका. भिंती रंगवायच्या कामात आसपासच्या सात-आठ गावांत तिचा हात धरणारी बाई नव्हती. आमच्याकडं घर पुरुष बांधतात, पण भिंत बायकांची. कापणी झाली, वारं कोरडं झालं, की बायका जमतात, माती आणि शेण तुडवतात, हातानं लिंपतात, वर तांबड्या-काळ्या-पांढऱ्या रंगांनी नक्षी काढतात. इतर बायका तुंब्याच्या जाळीची नक्षी काढायच्या, फुटक्या खापरांचे त्रिकोण काढायच्या. अजगर मात्र अतांपोकानंच काढायचा. तिच्या खोलीच्या दाराशेजारी तिचा स्वतःचा अजगर होता, जमिनीपासून छपरापर्यंत चढलेला. तो घर राखतो असं ती म्हणायची.

तिचा डावा डोळा तरुणपणीच गेला होता. कापणीत बाजरीचं कणीस लागलं, डोळ्यावर पांढरं आलं, आणि गावोगाव फिरणाऱ्या एका सुईवाल्यानं ते सुईनं मागं ढकलून दिलं. आठ दिवस दिसलं, मग कायमचं मिटलं. उजव्यावर सगळं आयुष्य काढलं. तीन वर्षांपूर्वी त्या उजव्यातही मोतीबिंदू उतरला. आधी माणसं पुसट झाली, मग भिंती, मग नुसता उजेड आणि अंधार एवढंच उरलं.

संध्याकाळी ती दाराशी आपल्या बुटक्या तिवईवर बसायची आणि विचारायची, "लामिसी, अजगर आहे ना?"

"आहे, आई."

"चमकतोय?"

"चमकतोय की."

पहिल्या वर्षी ते खरं होतं. दुसऱ्या पावसात खालचा अर्धा धुऊन गेला, तिसऱ्या पावसात वरचा. माझा नवरा अकुरुगो कापणी झाली की कुमासी शहरात हमालीला जातो, तो पेरणीला परत येतो. घरात मी एकटी. सरपण, पाणी, भुईमूग, लोण्यासाठी शियाच्या झाडाच्या बिया फोडणं, ह्यातून भिंतीला हात लावायला सवड नव्हती. आणि खरं सांगायचं तर माझा हात वाकडा आहे. मी काढलेला अजगर गांडुळासारखा दिसला असता. म्हणून आहे म्हणत राहिले. एक दिवस आहे म्हटलं की दुसऱ्या दिवशी नाही म्हणायला तोंड कुठून आणायचं.

शाळेत डोळ्यांचं शिबिर भरणार असं कळलं तेव्हा मीच तिला घेऊन गेले. तिथं गेल्यावर म्हातारी अडून बसली. सुईचं नाव काढलं की ती डोळा पदरानं झाकायची. वर्गातल्या बाकांवर पंधरा-वीस म्हातारी माणसं रांगेनं बसलेली, आणि ही बाकाची कड धरून म्हणत होती, घरी चल, मला नाही काही करायचं.

तेवढ्यात हिरव्या कपड्यातला एक उंच, हडकुळा माणूस समोर येऊन थांबला. पुढच्या दोन दातांत फट. तोच दाकुरा, डॉक्टरांच्या हाताखालचा.

"ही कोण? फ्राफ्रा दिसते."

"तोंडावरून कळलं काय रे?" म्हातारीनं विचारलं.

"वासावरून कळलं. कालच कुत्रं खाल्लंस."

म्हातारीनं बाकाची कड सोडली. मान आवाजाच्या दिशेनं वळली. "दागाबा आहेस होय. तरीच म्हटलं, आमच्या कुत्र्याचं मुंडकं चोरलं कुणी."

"चल ऊठ, गुलामे. डोळा काढून घेतो. तुला तसा त्याचा उपयोग काय?"

"तुझ्या आज्यानं माझ्या आज्याची गुरं राखली, उपाशी पोटी. आणि तू मला उठवणार?"

असं म्हणत ती उठली. तीन वर्षांत पहिल्यांदा माझा हात न धरता उठली. रांगेतली सगळी म्हातारी माणसं हसत होती. आतून तिचा आवाज येत राहिला, दाकुराचाही येत राहिला, आणि ऑपरेशन कधी झालं ते मला बाहेर कळलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. तिनं डोळा किलकिला केला, मिटला, परत उघडला. समोर दाकुरा वाकून बघत होता.

"हे बघायला उघडलास होय डोळा?" ती म्हणाली. "बांध परत."

मी तिच्या मागं उभी होते. तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं आणि माझ्या कपाळावरची बट बोटांत धरली. मग म्हणाली, "केस पिकले गं तुझे." मला रडू आलं. मी ते हसण्यावारी नेलं.

दाकुरानं औषधाची बाटली दिली, डोळ्यावर लावायची भोकाभोकांची प्लॅस्टिकची वाटी दिली, आणि बोटांवर मोजत सांगायला लागला. दिवसातून चार वेळा थेंब. महिनाभर वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, चुलीपुढं बसायचं नाही. चिखलाला, शेणाला हात लावायचा नाही. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, चोळायचा तर नाहीच. झोपताना वाटी.

"आणि नवा नवरा करायचा नाही?" म्हातारीनं विचारलं. बाकावरची माणसं हसली.

"आणि दुखलं," दाकुरा म्हणाला, "लाल झाला, धुकं आलं, तर त्याच दिवशी यायचं. दुसऱ्या दिवशी नाही. नाही आलीस तर डोळा मी घेणार आणि माझ्या कुत्र्याच्या रश्शात टाकणार."

"टाक. दागाबाच्या रश्शात तेवढंच काय ते मांस असेल."

मग तो माझ्याकडं वळला. कागदावर आपला फोन नंबर लिहून दिला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "सूनबाई, हे थट्टेत घेऊ नका. मी खरं सांगतोय."

"बघ बघ," म्हातारी म्हणाली, "आता खरं बोलायचं सोंग करतोय."

मी हसले. त्याच्या तोंडावर हसले. तोही शेवटी हसला, कारण न हसला असता तर हरला असता.

तीनचाकीतून घरी येताना म्हातारी लहान पोरीसारखी बडबडत होती. ही गोरखचिंच अजून उभी आहे. ह्या बोकडाला इथं कुणी बांधलं. हे पत्र्याचं छप्पर कुणाचं, पूर्वी गवत होतं ना. मी हो हो म्हणत होते. घर जवळ येत होतं.

तीनचाकीतून उतरून ती अंगणात आली आणि थांबली. आमच्या चारही गोल खोल्यांच्या भिंती उघड्या पडलेल्या. नुसती पोपडे धरलेली माती, कुठं कुठं काळ्या रंगाचा डाग. तिच्या दाराशेजारी अजगराच्या जागी पावसाच्या ओघळाची एक उभी रेघ होती, तेवढीच.

ती हळूहळू भिंतीपाशी गेली. हात उचलला, पण लावला नाही.

"किती पावसाळे झाले?"

"दोन. आधी खालचा गेला, मग वरचा."

"आणि तू रोज संध्याकाळी..."

"हो."

मला वाटलं ओरडेल, निदान आपल्या मैत्रिणीला, तालाताला, हाक मारून सुनेचं कौतुक सांगेल. तिनं तसं काही केलं नाही. तिवईवर बसली. मी बाजरीच्या पिठाचं पाणी करून आणलं, ते दोन्ही हातांनी धरून प्यायली.

"आई, तुम्ही हात लावून बघितला नाहीत कधी?"

"भीती वाटायची," ती म्हणाली. "तू आहे म्हणायचीस, ते बरं वाटायचं."

त्यानंतरचे चार दिवस तिनं दाकुराचं सगळं पाळलं. मी थेंब घालायची, ती डोळा वासून वर बघायची आणि दर थेंबाला दागाबांना एकेक शिवी द्यायची. वाटी लावून झोपायची. चुलीपासून लांब बसायची. पण बसल्या जागेवरून तिची नजर भिंतीवर फिरायची, आणि बोटं मांडीवर काहीतरी काढत राहायची.

पाचव्या दिवशी तालाता आली. ती सासूच्या वयाची, दोघींनी मिळून पन्नास वर्षं भिंती रंगवलेल्या. तालातानं तोंड वर करून आभाळाकडं पाहिलं.

"वारं फिरलं बघ. पंधरा दिवसांत पाऊस येतोय. ह्या वर्षी भिंती राहिल्या तर छप्परच बसेल खाली."

"बायका मोकळ्या आहेत?" सासूनं विचारलं.

"सहा जणी येतील. उद्याच."

मी म्हटलं, "आई, दाकुरानं महिनाभर..."

"दागाबा म्हणाला चिखलाला हात लावू नको," सासू म्हणाली. "म्हणजे लावायलाच हवा."

तालाता फस्सकन हसली. मीही हसले. आज विचार करते, मी तेव्हा तिचा हात धरला असता तर काय झालं असतं. तिनं ऐकलंही असतं कदाचित. पण जिनं दोन वर्षं तोंडावर खोटं सांगितलं तिनं आता कुठल्या तोंडानं नाही म्हणायचं. आणि मला तो अजगर परत भिंतीवर हवा होता. तो आला की माझं खोटं फिटेल असं वाटत होतं. हे मी कुणाला बोलले नाही, पण वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका आल्या. माती खणून आणली, शेण कालवलं, पायांनी तुडवलं. सासू आधी तिवईवर बसूनच सांगत होती, इथं जाड आहे, तिथं पाणी कमी. मग उठली. मग पदर खोचला. दुपारपर्यंत तिचे हात कोपरापर्यंत मातीत होते. वाकून खालचा पट्टा लिंपत होती आणि गात होती. तीन वर्षांत मी तिचं गाणं ऐकलं नव्हतं. दुपारचे थेंब घालायचे राहिले, कारण माझेही हात शेणात होते.

त्याच्या दुसऱ्या दिवशी रंग. तांबडा दगड, काळा दगड, पांढरी माती, सगळं पाट्यावर वाटून ठेवलेलं. बायकांनी जाळी काढली, त्रिकोण काढले. सासूनं गिनी कोंबडीच्या पिसांची जुडी हातात घेतली, दाराशेजारी उभी राहिली, आणि मातीपासून जपायला मी डोळ्यावर लावून दिलेली वाटी काढून माझ्या हातात दिली.

"ह्या भोकांतून अजगर तुकड्यातुकड्यांत दिसतो," म्हणाली.

तिनं डोकं आधी काढलं. मग एका दमात अंग, खालपर्यंत, कुठंही न थांबता. वय झालेली बाई, पण हात हलला नाही. तालाता काम सोडून बघत राहिली. शेपटीशी आल्यावर तिनं पिसं माझ्या हातात दिली, माझा हात आपल्या हातात धरला आणि शेवटची वळणं माझ्याकडून काढून घेतली. "खांद्यातून काढ. मनगटातून नको. बघ, आली की नाही." शेपूट सरळ आली. माझ्या हातून आयुष्यात पहिल्यांदा रेघ सरळ आली.

तिसऱ्या दिवशी रंगावर पाणी द्यायचं असतं. दावादावा नावाच्या झाडाच्या शेंगांची टरफलं रात्रभर भिजवून उकळायची, तांबडं दाट पाणी होतं, ते केरसुणीनं भिंतीवर शिंपडायचं. त्यानं रंग धरतो, चकाकी येते, पावसानं उतरत नाही. ते शिंपडायला हात डोक्याच्या वर न्यावा लागतो. बायकांच्या अंगावर, तोंडावर तांबडे थेंब उडतात, सगळ्या एकमेकींना बघून हसतात.

अजगराच्या डोक्यापासून ती खाली आली होती. शेपूट राहिली होती. केरसुणी वर गेली, खाली आली, आणि ती थांबली. डोळा गच्च मिटलेला. मनगटाच्या पाठीनं तिनं तो एकदा पुसला. मनगटाला माती होती.

मी पाहिलं. तिनं मला पाहताना पाहिलं.

"काही नाही," म्हणाली. "शेपूट उद्या कर तू."

शेपूट राहिलीच. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा डोळा लाल होता आणि पापणी सुजलेली. मी थेंब घातले तेव्हा तिनं दात आवळले.

"आई, दाकुराला फोन करते."

"धूर लागलाय. कालची टरफलं उकळत होतीस ना, त्याचा धूर."

"तो म्हणाला होता दुखलं तर..."

"तो म्हणाला होता म्हणूनच. मी आज गेले तर सगळ्या शिबिरासमोर नाचेल, बघा म्हणेल, फ्राफ्राला बोटाएवढं खुपलं की पळत आली. दोन दिवसांत बरं होईल."

मी शियाच्या लोण्याचं बोट तिच्या कपाळाला लावलं. गरम फडक्यानं शेकलं. दुसऱ्या दिवशी ती जेवली नाही, ताटाकडं बघितलंही नाही. डोकं भिंतीला टेकून बसायची, आणि अधूनमधून भिंतीवर हात फिरवायची. दुखतंय का विचारलं की म्हणायची, थोडं. दागाबाचा मान ठेवायचा नाही म्हणून ती गप्प होती, आणि तिचा मान ठेवायचा म्हणून मी गप्प होते. कागद माझ्या कमरेच्या गाठीत होता. घामानं नंबर पुसट होत चालला होता तरी वाचता येत होता.

अकराव्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते. आभाळ स्वच्छ, ऊन कडक.

"लामिसी," ती म्हणाली, "आज ढग आलेत का गं इतके?"

मी केरसुणी टाकली आणि फोन लावला.

"कोण?" पलीकडून दाकुराचा आवाज. "अतांपोकाकडून? काय, मेली का माझी गुलाम? वाटणी ठेवा माझी."

"डोळ्यातून पिवळं येतंय," मी म्हटलं. "तिला दिसेना झालंय. दुखायला लागून तीन दिवस झाले."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. 

"आत्ता निघा," तो म्हणाला. "जेवायला थांबू नका. बोल्गा शहरातल्या मोठ्या दवाखान्यात. मी पुढं होतो."

आणि मी त्याला विचारलं. माझ्या जिभेला अजून लाज वाटते. मी विचारलं, "थट्टा तर नाही ना?"

तीनचाकीत म्हातारीनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं होतं. दर खड्ड्याला तिच्या तोंडून बारीक आवाज निघायचा. गोरखचिंच आली, गेली. ह्या वेळी तिनं काही विचारलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दिवा लावून पाहिलं आणि आत पू झाला आहे म्हणाल्या. डोळ्यातच सुई द्यावी लागली. म्हातारीनं माझा हात एवढा आवळला की नखं रुतली, पण ती ओरडली नाही. चार दिवस औषधं चालू होती. मी बाहेर झाडाखाली चूल मांडून बाजरीचा घाटा करायची, तिला दोन बोटं भरवायची. अकुरुगोचा फोन यायचा, मी म्हणायची, बघू. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, कशानं झालं. त्या म्हणाल्या, मातीनं झालं असेल, त्या पाण्यानं झालं असेल, ऑपरेशनच्या वेळीही कधी कधी जंतू आत राहतात, नक्की सांगता येत नाही. लवकर आला असतात तर वाचण्याची आशा होती, हे मात्र त्यांनी नक्की सांगितलं. बाकी सगळं मी कुणावरही ढकलू शकते. तीन दिवस माझे आहेत.

चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी मला बाजूला बोलावलं. डोळा काढावा लागेल, नाहीतर विष डोक्यात चढेल. म्हातारीला सांगायला हवं. मी म्हटलं मला जमणार नाही. दाकुरा तिथंच उभा होता. म्हणाला, मी सांगतो.

तो आत गेला आणि खाटेशेजारी खाली बसला. सासूनं पावलं ओळखली. पट्टीखालचं तोंड थोडं हसलं.

"आलास, गुलामा? मी म्हटलं, तुला तोंड दाखवायला लाज वाटत असेल. तुझं औषध बुळबुळीत, तुझ्या रश्शासारखं."

दाकुरा काही बोलला नाही.

"काय रे? जीभ कुत्र्यानं नेली?"

"आई," तो म्हणाला, "तुम्ही जेवलात का?"

सासूनं मान वळवली. तिचा हात चादरीवर माझा हात शोधायला लागला. मी दिला.

"लामिसी, हा असा का बोलतोय?"

 आमच्या आयुष्यात कधी दागाबानं फ्राफ्राला आई म्हटलेलं आम्ही ऐकलं नव्हतं. खड्ड्यात उतरलेला तो म्हाताराही सासऱ्यांच्या प्रेताला शिव्याच देत होता.  म्हातारीनं दुसऱ्या हातानं पट्टी चाचपली.

"गेला ना?" तिनं विचारलं.

"हो, आई."

"दोन्ही अंधार आता."

"हो. काढावा लागेल. उद्या. मला माफ करा. मी तेव्हा नीट सांगायला हवं होतं. हसत सांगितलं मी." त्याचा आवाज फुटला आणि तो गुडघ्यात डोकं घालून रडायला लागला, एवढा उंच माणूस.

म्हातारीनं हवेत हात चाचपडत त्याचं डोकं शोधलं आणि त्यावर एक टपली मारली.

"रडतोस काय? हरलास की. ऐक इकडं. उद्या डोळा निघाला की घेऊन जा. रश्शात टाक. सांगितलं होतंस तसं."

तो मान हलवत राहिला.

"बोल," ती म्हणाली, आणि आता तिचाही आवाज नीट राहिला नव्हता. "असा गप्प बसलास तर मी मेले असं वाटतं मला. बोल की. मिठाचं काय करशील?"

त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "तुझी सून आत्ता रडतेय ना," दाकुरा खाली मान घालूनच म्हणाला, "तिचंच घेईन. गुलामे."

"आता बरं बोललास," ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली.

आम्ही घरी आलो त्याच्या पाचव्या दिवशी पाऊस आला. आमच्याकडं तो वाऱ्याबरोबर आडवा येतो, पूर्वेकडून, आणि सासूच्या दाराची भिंत पूर्वेला आहे. मी खोलीच्या दारात उभी राहून बघत होते. डोकं टिकलं. अंग टिकलं, पाणी त्याच्यावरून घसरत होतं. खाली जिथं शिंपडायचं राहिलं होतं, जिथं तिनं माझा हात धरून रेघ काढली होती, तिथून तांबडा-काळा ओघळ सुटला आणि अंगणात गेला. एवढीशी शेपूट, पुसायला किती वेळ लागणार.

पाऊस थांबल्यावर म्हातारीला बाहेर हवा होती म्हणून तिवई दाराशी मांडली. ती बसली. उजवी पापणी आता आत गेलेली. दवाखान्यातून आल्यापासून तिनं ते कधी विचारलं नव्हतं, म्हणून मला वाटलं विचारणारही नाही.

"लामिसी, अजगर आहे ना?"

मी ठरवलं होतं. पुन्हा खोटं नाही, काही झालं तरी नाही. मी तिच्या पायाशी बसले.

"आहे, आई. डोकं आहे, अंग आहे. शेपूट गेली. माझी गेली. मी पाणी दिलं नव्हतं तिला."

 छपराचं पाणी थेंब थेंब अंगणात पडत होतं. भिंत तिच्या हातापासून वीतभर लांब होती. तिनं हात उचलला, आणि पूर्वीसारखाच, न लावता, परत मांडीवर ठेवला.

"असं नको सांगूस गं," ती म्हणाली. "पहिल्यासारखं सांग."

मी तोंड पुसलं.

"आहे, आई."

"चमकतोय?"

"चमकतोय की."